बुडत्या बँका आणि नागपूर अधिवेशन

सहकारी बँक अडचणीत आल्यावर महाराष्ट्र विधिमंडळाच्या नागपूर येथील हिवाळी अधिवेशनात विरोधी पक्ष सरकारला जाब विचारतो, ती संसदीय प्रथा. बँक बुडाली की ठेवीदाराचा प्रश्न एकच असतो : पैसे परत कधी मिळणार? बँक पोखरली जात असताना सरकार काय करीत होते, हा पुढचा प्रश्न मात्र ठेवीदाराच्या वतीने सभागृहात कोणाला तरी विचारावा लागतो. विरोधी बाकांचे खरे काम तेथून सुरू होते.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला, की शासन ठरावीक काळ नागपुरात मुक्कामी राहील आणि विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन येथे होईल. १९५६ पर्यंत राजधानी असलेल्या शहराचे ते स्थान जाणार होते, त्याची ही भरपाई होती. १९६० पासून काही अपवाद वगळता अधिवेशन दरवर्षी येथे भरत आले आहे; करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये ते झाले नाही. सिव्हिल लाइन्समधील विधानभवन, आमदार निवास, रविभवन, मुख्यमंत्र्यांचे ‘रामगिरी’ ही नावे डिसेंबरात नागपूरकरांच्या तोंडी असतात. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे टेकडी मार्गावर किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात आणि शिष्टमंडळ निवेदन घेऊन मंत्र्यांकडे जाते. बुडीत बँकेच्या ठेवीदाराला एरवी मुंबईला जाऊन मंत्रालयाचे उंबरे झिजवावे लागतात. या थोड्या दिवसांत सहकारमंत्री त्याच्या गावापासून एसटीच्या अंतरावर असतात. विदर्भासाठी या अधिवेशनाचे मोल त्यात आहे.

जाब नेमका कोणाला विचारायचा, हे ठरवणेच या विषयात सर्वात अवघड असते. १ मार्च १९६६ पासून बँकिंग विनियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला आणि त्यांच्यावर दुहेरी नियंत्रण आले. परवाना, ठेवी, कर्जे, निर्बंध हे रिझर्व्ह बँकेच्या हाती. नोंदणी, संचालक मंडळाची निवडणूक, चौकशी आणि वसुली राज्याच्या सहकार खात्याच्या हाती. जिल्हा बँकांची तपासणी नाबार्ड ही शेती व ग्रामीण पतपुरवठ्याची राष्ट्रीय बँक करते. त्यामुळे बँक कोसळली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. ‘हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील विषय आहे’ हे मंत्र्याचे ठरलेले उत्तर. ते अर्धे खरे असते, म्हणूनच ते खोडून काढणे कठीण जाते. या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले आणि या उत्तराला अधिकच बळ मिळाले.

मुरलेला विरोधी सदस्य म्हणूनच प्रश्न राज्याच्या अंगणात आणतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी केव्हा लावली? कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली का? झाली असेल तर वसूल किती झाले? लेखापरीक्षकाने दोष दाखवल्यावर फाइल किती महिने पडून होती? या प्रश्नांना रिझर्व्ह बँकेचा आडोसा घेता येत नाही, कारण उत्तर सहकार खात्याच्या निबंधकाच्या कपाटात असते. बँकेच्या नावाने घोषणा देण्यापेक्षा कलमावर बोट ठेवून विचारलेला एक प्रश्न ठेवीदाराच्या अधिक कामाचा असतो, हे या प्रथेचा इतिहास पाहणाऱ्याला मान्य करावे लागते.

नागपूरपुरता या विषयाचा गाभा म्हणजे नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा. २००१-०२ मध्ये बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी होम ट्रेडसह पाच खासगी दलाल कंपन्यांकडे पैसे वळवले. सरकारी रोखा, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचा दस्तऐवज, ही गुंतवणुकीतली सर्वात सुरक्षित चीज समजली जाते. संशय यायला उशीर झाला तो त्यामुळेच. व्यवहारात पैसे पूर्ण गेले, खरेदीचे कागद आले, पण मूळ रोखे बँकेच्या हाती पडलेच नाहीत. रोखे ताब्यात आहेत का, हा तपासणीतला अगदी पहिला प्रश्न. तो वेळेवर विचारला गेला असता तर रक्कम एवढी फुगली नसती. सुमारे १५० कोटी रुपये असे अडकले. वर्धा आणि उस्मानाबाद जिल्हा बँकाही होम ट्रेडच्या व्यवहारांत पोळल्या. नेमक्या त्याच काळात दिल्लीत संसदेची संयुक्त समिती शेअर बाजार घोटाळा आणि गुजरातच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेचे प्रकरण तपासत होती. सहकारी बँकेचा पैसा दलालांच्या हाती कसा जातो याचा धडा देशापुढे उघडा असताना नागपुरात तेच घडत होते.

२००२ मध्ये गुन्हा दाखल झाला. निकाल यायला २०२३ उजाडले. २२ डिसेंबर २०२३ रोजी, नागपूरचे अधिवेशन संपून दोनच दिवस झाले असताना, न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. केदार तेव्हा सावनेरचे आमदार होते. त्यांची आमदारकी रद्द झाली. त्यांनी निकालाविरुद्ध अपील केले आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना जामीन दिला. मधल्या दोन दशकांत ते राज्याचे मंत्रीही होऊन गेले, आणि आज विरोधी बाकांवर असलेला पक्ष उद्या सत्तेत जाऊन बसला, असे दोन्ही बाजूंनी घडले. सहकारी बँकांवर राजकारण्यांचीच पकड असल्याने प्रश्न विचारणाऱ्या पक्षाचाही कोणी ना कोणी कुठल्या तरी संचालक मंडळावर असतो. जाब विचारण्याची धार येथे बोथट होते, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

सर्वाधिक भोगले शेतकऱ्यांनी. जिल्हा बँक, तिच्याखाली गावची सेवा सहकारी सोसायटी, आणि सोसायटीतून खरिपाचे पीककर्ज अशी ही साखळी. वरचे कडे तुटले की कापूस आणि सोयाबीन पेरणाऱ्याला मे-जूनमध्ये सावकाराचे दार गाठावे लागते. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँका रिझर्व्ह बँकेच्या परवान्याविना राहिल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातील अशा २३ बँकांसाठी २,३७५.४२ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली; तिच्यातला मोठा वाटा राज्यांनी उचलायचा होता. दलालांकडे गेलेल्या पैशाची भरपाई अशी अखेर करदात्याच्या खिशातून झाली.

सभागृहातील आयुधे ठरलेली आहेत. अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर बहिष्कार आणि पत्रकार परिषद, सकाळी विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक, मग नियमित कामकाज थांबवून चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव. अध्यक्ष तो बहुधा फेटाळतात आणि विरोधक हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनापुढील मोकळ्या जागेत, उतरतात. दूरचित्रवाणीवर दिसते ते एवढेच. काम होते ते तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), तातडीच्या विषयावरची लक्षवेधी सूचना आणि अर्धा तास चर्चेत. लक्षवेधीला मंत्र्याला लेखी निवेदन द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न घेता येतात. ‘तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू’ असे मंत्र्याच्या तोंडून निघाले की ते आश्वासन ठरते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. सभात्याग करून बाहेर पडलेल्या पक्षाच्या हाती मात्र असे काही लागत नाही.

डिसेंबर २०१६ चे अधिवेशन वेगळे होते. नोटाबंदीनंतर १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई केली होती. ग्रामीण भागात ज्यांचे खाते फक्त जिल्हा बँकेत होते, त्यांची रब्बीच्या तोंडावर कोंडी झाली. निर्णय केंद्राचा, पण विरोधकांनी राज्य सरकारला धारेवर धरले, आणि सत्तेत असलेल्या शिवसेनेचाही या बंदीला विरोध होता. जिल्हा बँकांनी १४ नोव्हेंबरपर्यंत स्वीकारलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे जमा करण्याची मुभा जून २०१७ मध्ये मिळाली.

नागरी सहकारी बँकांच्या ठेवीदारांना अलीकडे थोडा आधार आहे. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्यावर तिच्या ठेवीदारांना सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्या अनुभवानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली. पाच लाखांवरची रक्कम मात्र अवसायकाच्या, म्हणजे बंद बँकेची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वसुलीवर अवलंबून राहते, आणि अवसायक नेमतो राज्याचा निबंधक. म्हणजे प्रश्न पुन्हा सहकारमंत्र्यांकडेच येतो.

तो विचारायला वेळ कमी पडतो. डिसेंबर २०१९ आणि डिसेंबर २०२४ ची नागपूर अधिवेशने जेमतेम आठवडाभराची होती. २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी एक दशांश जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. त्यामुळे त्या डिसेंबरचे अधिवेशन विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविनाच पार पडले.