सार्वजनिक क्रीडासंकुलांची स्थाननिश्चिती : नागपूरच्या संदर्भात

सरकारी पैशातून उभे राहणारे स्टेडियम किंवा क्रीडासंकुल देशाच्या कोणत्या भागात, कोणत्या शहरात आणि त्या शहराच्या कोणत्या टोकाला बांधायचे, हे ठरवण्याच्या प्रक्रियेला स्थाननिश्चिती म्हणतात. लोकसंख्या, खेळाची परंपरा, जमिनीची मालकी, वाहतूक, माती आणि प्रादेशिक समतोल असे बरेच घटक त्यात येतात. मात्र त्या सर्वांच्या मुळाशी एक ओढाताण असते. स्टेडियमला वर्षातले मोजके दिवस हजारो प्रेक्षक येतात आणि उरलेले दिवस रोज सरावाला येणारी शे-दोनशे मुले-मुली असतात. प्रेक्षकांसाठी शहराबाहेरची मोकळी, रुंद रस्त्यावरची जागा सोयीची ठरते, तर खेळाडूंना घर आणि शाळा यांच्या मधली जागा लागते. दोन्ही गरजा एकाच जागेत क्वचितच भागतात, आणि निर्णयाच्या वेळी बहुधा प्रेक्षकांचे पारडे जड ठरते. हा कल चुकीचा आहे, कारण सार्वजनिक पैशाचा पहिला हक्कदार रोजचा खेळाडू आहे. नागपुरातील मैदानांचा इतिहास ही ओढाताण फार स्पष्टपणे दाखवतो.

निर्णय कोण घेते

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील 33 व्या नोंदीत क्रीडा हा विषय येतो. त्यामुळे स्टेडियमची जागा ठरवण्याचा अधिकार मुख्यतः राज्यांकडे आहे. केंद्र सरकार ‘खेलो इंडिया’सारख्या योजनांतून निधी देते, भारतीय क्रीडा प्राधिकरण आपली प्रशिक्षण केंद्रे चालवते, जमीन मात्र राज्याला किंवा स्थानिक संस्थेलाच द्यावी लागते. 1982 च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभे राहिले, 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. म्हणजे मोठ्या बांधकामांना चालना मिळाली ती स्पर्धांच्या यजमानपदातून, आणि यजमान शहर ठरले की स्टेडियमचे शहरही ठरून जाते. बालेवाडी त्या वेळी पुण्याच्या वेशीवर होते. पुढे शहर वाढत तिथवर पोचले आणि संकुल वस्तीत आले. प्रत्येक शहराच्या वाट्याला अशी वाढ येत नाही.

महाराष्ट्राने 2001 च्या क्रीडा धोरणापासून दुसरा मार्ग धरला आहे. प्रत्येक तालुक्याला, जिल्ह्याला आणि महसुली विभागाला एकेक क्रीडासंकुल, अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. यामुळे ‘कोणत्या शहरात’ हा वाद बराचसा मिटतो आणि ‘शहरात कुठे’ हा खरा प्रश्न उरतो. विदर्भाच्या दृष्टीने या रचनेचे मोल मोठे आहे. विदर्भाला महाराष्ट्रात सामील करून घेण्याबाबतच्या 1953 च्या नागपूर करारापासून निधीच्या न्याय्य वाटपाची मागणी इथे सातत्याने होत आली आणि दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात रस्ते, सिंचन, शिक्षण अशा क्षेत्रांतील अनुशेष मोजून दाखवला. खेळाच्या मैदानांचा अनुशेषही त्याच काटेकोरपणे मोजला जायला हवा.

देशपातळीवरचे निकष

देशभरात स्टेडियम वाटताना तीन प्रकारचे युक्तिवाद पुढे येतात. लोक जिथे जास्त तिथे बांधा, हा पहिला. जिथे काहीच नाही तिथे बांधा, हा दुसरा. जिथे तो खेळ मुळात रुजलेला आहे तिथे बांधा, हा तिसरा.

यातला दुसरा युक्तिवाद ऐकायला सर्वांत न्याय्य वाटतो, पण एकट्याने तो फसतो. ब्राझीलने 2014 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी 12 शहरांत सामने ठेवले. अॅमेझॉनच्या जंगलातील मनौस शहरात चाळीस हजारांहून अधिक आसनांचे स्टेडियम बांधले गेले, पण देशाच्या अव्वल साखळीत खेळणारा एकही संघ त्या शहरात नव्हता. विश्वचषकातले चार सामने झाले आणि त्या आसनांना नियमित प्रेक्षक उरला नाही. याउलट ओडिशाने 2023 च्या हॉकी विश्वचषकासाठी राउरकेल्यात वीस हजारांहून अधिक क्षमतेचे बिरसा मुंडा स्टेडियम उभारले. राउरकेला सुंदरगड जिल्ह्यात आहे, आणि दिलीप तिर्की यांच्यापासून अमित रोहिदास यांच्यापर्यंत हॉकीपटूंच्या पिढ्या याच जिल्ह्याने दिल्या. राजधानी भुवनेश्वरमध्ये कलिंग स्टेडियम असतानाही आदिवासी पट्ट्यातल्या पोलादनगरीची निवड झाली. ती योग्य होती, कारण विश्वचषक संपल्यावर तिथे स्टिक घेऊन उतरणारी मुले आधीपासूनच होती.

विदर्भात खेळाच्या परंपरेचा असा निकष लावायचा झाला तर पहिले नाव अमरावतीचे घ्यावे लागेल. 1914 मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. फुटबॉलचा निकष लावला तर नागपूरशेजारच्या कामठीचा विचार आधी करावा लागतो.

नागपुरातील तीन जागा

यशवंत स्टेडियम धंतोलीत आहे. सीताबर्डीपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे, बस आणि मेट्रो दोन्ही जवळ. रोजच्या खेळाडूच्या दृष्टीने याहून चांगली जागा शहरात शोधून सापडणार नाही. पण याच गुणामुळे तिच्यावर इतर सगळ्यांचाही डोळा असतो. डिसेंबरमधल्या हिवाळी अधिवेशनात विधिमंडळावर जाणारे कितीतरी मोर्चे इथूनच निघतात, आणि शेजारच्या पटवर्धन मैदानावर धरणे देणाऱ्यांचे मंडप पडतात. भोवताली रुग्णालयांची दाटी आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र घोषित करता येतो. त्यामुळे रात्रीचे सामने, ध्वनिक्षेपक आणि गर्दी यांचा विचार इथे फार जपून करावा लागतो. मध्यवस्तीतली जागा म्हणजे सोय आणि शेजारधर्म यांचा रोजचा हिशेब.

मानकापूरचे विभागीय क्रीडासंकुल कोराडी मार्गावर आहे. अॅथलेटिक्सचा सिंथेटिक ट्रॅक आणि बंदिस्त क्रीडागृह यामुळे सरावाच्या सोयींत ते महत्त्वाचे ठरते. विभागीय असल्याने कागदोपत्री ते नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांचे आहे. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातल्या दोन्ही मार्गिका इथून जात नाहीत. एक कामठी मार्गाने वर जाते, दुसरी प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशी आडवी धावते. म्हणजे मेट्रोचे मार्ग आणि संकुलाची जागा यांची आखणी एकमेकांना धरून झाली नाही. पूर्व नागपुरातल्या पारडीच्या मुलीला मानकापूरला धावायला जायचे तर शहर ओलांडावे लागते. शिवाय मोठे बंदिस्त सभागृह शहरात हाताशी असले की सरकारी कार्यक्रमही तिथेच होतात, आणि त्या दिवशी सराव थांबतो.

तिसरी जागा जामठ्याची. ती सार्वजनिक मालकीची नाही, विदर्भ क्रिकेट असोसिएशनची आहे; तरी स्थाननिश्चितीचा विषय तिच्याशिवाय पुरा होत नाही. असोसिएशनचे जुने मैदान सिव्हिल लाइन्समध्ये आहे. 1969 मध्ये तिथे भारत-न्यूझीलंड कसोटी झाली. शहराच्या मधोमध, झाडांच्या सावलीत, कचेऱ्यांच्या शेजारी असलेले हे मैदान पुढे आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या गर्दीला अपुरे पडू लागले. नोव्हेंबर 1995 मध्ये भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामन्याच्या वेळी प्रेक्षागृहाची भिंत कोसळून प्रेक्षकांचे जीव गेले. गर्दीच्या दिवशी लोकांना सुखरूप आत घेणे आणि बाहेर काढणे हाही जागेच्या निवडीचा निकष आहे, हे त्या दुर्घटनेने शहराला फार मोठी किंमत घेऊन शिकवले.

2008 मध्ये वर्धा मार्गावरच्या जामठ्याला नवे स्टेडियम सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे झालेली भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सौरव गांगुली यांची अखेरची कसोटी ठरली. आसनक्षमता सुमारे 45 हजार, पार्किंगला ऐसपैस जागा, विमानतळ शहरापेक्षा जवळ. प्रेक्षक आणि प्रक्षेपण यांच्या बाजूने पाहिले तर निवड नीट विचार करून झाली. पण मेट्रो आजही खापरीला संपते आणि जामठा त्याच्या पुढे आहे. सामना सुटला की हजारो वाहने एकाच महामार्गावर येतात. बुटीबोरीच्या दिशेने जाणारा मेट्रोचा दुसरा टप्पा पूर्ण झाल्यावर हे चित्र बदलू शकेल. जामठ्याबाबत एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे : शहराबाहेर जाताना असोसिएशनने सिव्हिल लाइन्सचे मैदान सोडले नाही. दोन मैदाने राहिल्यामुळे क्रिकेटपटूंची सोय टिकली. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीन वेळा रणजी करंडक जिंकला, त्यातले शेवटचे दोन अंतिम सामने जामठ्यालाच झाले. इतर खेळांच्या वाट्याला अशी दुहेरी व्यवस्था आलेली नाही.

जमीन

प्रत्यक्षात कितीही निकष मांडले तरी शेवटचा शब्द बहुतेक वेळा सातबाऱ्याचा असतो. खासगी जमीन घ्यायची तर 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला द्यावा लागतो आणि संकुलाचा निम्मा निधी तिथेच संपण्याची भीती असते. म्हणून अधिकारी आधी सरकारी जमीन शोधतात : शहरात नझूल (सरकारी मालकीची शहरी जमीन) किंवा नागपूर सुधार प्रन्यासची, गावात गायरान.

नागपूर विभागात इथे एक खास अडचण येते, ती झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सुमारे 86 हजार हेक्टर जमीन महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली आहे. पाहायला गेले तर अनेक ठिकाणी ती उघडी माळरानेच आहेत, काहींवर दशकानुदशके शाळा, वस्त्या आणि कचेऱ्या उभ्या आहेत. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले. अशा जमिनीवर नवे मैदान करायचे तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते. तालुक्याच्या ठिकाणी संकुलासाठी ‘मोकळी सरकारी जागा’ सुचवली जाते तेव्हा तिचा अधिकार अभिलेख सर्वांत आधी तपासावा लागतो.

शहरात दुसरा मार्ग विकास आराखड्याचा. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी जागा आरक्षित करता येते. मात्र दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर कलम 127 अन्वये मालक नोटीस देऊ शकतो आणि त्या नोटिशीच्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपते. असे आरक्षण एकदा उठले की त्या वस्तीला पुन्हा मैदान मिळत नाही, कारण तोवर भाव वाढलेले असतात आणि भोवती इमारती आलेल्या असतात.

गरज किती आहे याचा अंदाज केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांवरून घेता येतो. त्यांनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे 8 हेक्टरचे जिल्हास्तरीय आणि दर दहा लाखांमागे 20 हेक्टरचे विभागीय क्रीडाकेंद्र असावे. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाखांवर होती. या मापाने दोन मोठी आणि चोवीस मध्यम केंद्रे हवीत. केवळ मध्यम केंद्रांनाच 192 हेक्टर जागा लागेल. म्हणून एका भव्य स्टेडियमची जागा शोधताना शहराने या चोवीस जागांचा हिशेब आधी मांडायला हवा.

माती, ऊन, पाणी

आठ लेनचा प्रमाणित ट्रॅक साधारण 177 मीटर लांब आणि 93 मीटर रुंद जागा व्यापतो, म्हणजे सुमारे चार एकर. प्रेक्षागृह, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि वाहनतळ वेगळे. मैदानाची लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण धरतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन खेळाडूच्या डोळ्यांवर येत नाही. मुख्य प्रेक्षागृह पश्चिमेला घेतले की मावळता सूर्य प्रेक्षकांच्या पाठीशी राहतो. मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात ही बाब चैनीची नाही. अरुंद किंवा आडव्या भूखंडावर हे साधत नाही, म्हणून नुसते क्षेत्रफळ पाहून जागा स्वीकारू नये.

नागपूर परिसरात बऱ्याच ठिकाणी काळी कापसाची माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ट्रॅक टाकला तर काही मोसमांतच तो उंचसखल होतो. काळा थर काढून मुरुमाचा भराव द्यावा लागतो. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतर सखल जागांचा विचार अधिकच सावधपणे व्हायला हवा. विमानतळाच्या परिसरात प्रकाशझोतांच्या मनोऱ्यांच्या उंचीसाठी ना-हरकत दाखला लागतो.

तालुक्याची पातळी

तालुका संकुलांचा सर्वांत नियमित वापर कोणी करत असेल तर तो पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावावे लागते, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. मैदान दूर असेल तर ही मुले पहाटे अंधारात राज्य मार्गाच्या कडेने धावतात, ट्रकच्या उजेडात. मुलींना तेही जमत नाही. तालुक्याचे संकुल गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवरच्या फुकट मिळालेल्या गायरानावर बांधले, तर सरकारचा पैसा वाचतो आणि मुली खेळातून गळतात. हे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अंतराचा प्रश्न आणखी तीव्र होतो. सिरोंचा तालुका जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर आहे. तिथल्या मुलाला जिल्हा संकुलात सरावाला जाणे शक्य नाही, आणि नागपूरचे विभागीय संकुल तर त्याच्या कल्पनेतही येत नाही. अशा ठिकाणी बसस्थानक, आश्रमशाळा किंवा माध्यमिक शाळेला लागून असलेली लहान जागा मोठ्या पण दूरच्या जागेपेक्षा जास्त कामाची ठरते : पाणी आणि वीज आधीपासून असते, कुंपण असते, वसतिगृहातली मुले संध्याकाळी तिथेच असतात, आणि देखभालीला शाळेचा शिपाई मिळतो. तिथे 400 मीटरचा ट्रॅक बसणार नाही. 200 मीटरचा बसतो, आणि त्याच्या आठ फेऱ्यांत भरतीचे 1600 मीटर पूर्ण होतात.