किशोरवयीन ग्राहकाची घडण : किरकोळ बाजार आणि तरुणाईच्या संस्कृतीची पार्श्वभूमी

किशोरवयीन मुलामुलींसाठी वेगळे कपडे, वेगळी दुकाने आणि वेगळ्या जाहिराती असणे आज इतके सवयीचे झाले आहे की, हा ग्राहकवर्ग पूर्वीपासूनच होता असे सहज वाटून जाते. प्रत्यक्षात तो विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकेत, घडत गेला आणि त्याचे मूळ दुकानापेक्षा शाळेत अधिक आहे. १९०० च्या सुमारास तेथे १४ ते १७ वयोगटातील दहा मुलांपैकी जेमतेम एक जण हायस्कूलमध्ये जात असे. बाकीची मुले शेतात, कारखान्यात किंवा घरकामात गुंतलेली असत आणि त्यांची कमाई बहुधा घरखर्चातच जाई. १९३० च्या दशकातील महामंदीने त्यांच्या नोकऱ्या हिरावल्या, १९३८ च्या कामगार कायद्याने बालमजुरीवर बंधने आणली आणि १९४० पर्यंत हे प्रमाण दहात सातपर्यंत पोहोचले. दिवसाचा मोठा भाग केवळ समवयस्कांच्या सहवासात घालवणारी, एकमेकांकडे पाहून कपडे, केशरचना आणि बोलण्याची लकब ठरवणारी पिढी अशी प्रथमच तयार झाली.

या पिढीला बाजाराचे रूप देण्यात 'सेव्हन्टीन' या किशोरवयीन मुलींच्या मासिकाचा वाटा मोठा होता. हेलन व्हॅलेंटाइन यांच्या संपादनाखाली सप्टेंबर १९४४ मध्ये निघालेल्या पहिल्या अंकाच्या सुमारे चार लाख प्रती हातोहात खपल्या. तरीही जाहिरातदारांना मुलींच्या क्रयशक्तीची खात्री पटेना. तेव्हा मासिकाच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या एस्टेल एलिस यांनी वाचकांच्या सर्वेक्षणाच्या आधारे 'टीना' नावाची एक प्रातिनिधिक शाळकरी मुलगी उभी केली आणि तिच्या आवडीनिवडी, तिचे खर्चाचे पैसे, घरातील खरेदीवर असलेला तिचा प्रभाव हे सारे उत्पादकांपुढे व दुकानदारांपुढे मांडले. मात्र टीना गोरी आणि मध्यमवर्गीय होती. कृष्णवर्णीय किंवा कष्टकरी घरातील मुलगी या चित्रात जवळजवळ नव्हतीच, आणि बाजाराने 'सर्वसामान्य किशोरी' म्हणून मुलींपुढे ठेवलेला नमुना अशा रीतीने सुरुवातीपासूनच अपुरा होता.

याच सुमारास शिकागोत यूजीन गिल्बर्ट या तरुणाने लावलेला शोध मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो किशोरवयात जोडे-चपलांच्या दुकानात काम करत होता. दुकानात नव्या धर्तीचे जोडे होते, तरी त्याच्या वयाची मुले तिकडे फिरकत नव्हती, कारण ते तेथे मिळतात हे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा कोणी प्रयत्नच केला नव्हता. थेट मुलांनाच उद्देशून जाहिरात केल्यावर विक्री वाढली, हे पाहून १९४५ मध्ये त्याने किशोरवयीनांच्या बाजारपेठेचे संशोधन करणारी संस्था काढली. तिची खरी ताकद तिच्या पद्धतीत होती. शाळकरी मुलांना कोणते पेय आवडते, कोणता शर्ट हवासा वाटतो, हे विचारायला गिल्बर्टने प्रौढ प्रश्नकर्ते पाठवले नाहीत. त्याने शाळकरी मुलेच नेमली, कारण मोठ्यांपुढे आखडणारी मुले बरोबरीच्यांशी मोकळेपणाने बोलतात. मोठमोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सनीही हायस्कूलमधील मुलींची सल्लागार मंडळे नेमली. या मुली फॅशन शोमध्ये कपडे घालून मिरवत, कोणता माल चालेल ते खरेदी विभागाला सांगत आणि शाळेत परतल्यावर आपसूकच त्या दुकानाची ओळख बनत. मैत्रीचा विश्वास विक्रीच्या कामी लावण्याची ही रीत पुढे कधीच मागे पडली नाही.

१९५० च्या दशकात मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या (४५ आरपीएम) स्वस्त गाण्यांच्या तबकड्या, ट्रान्झिस्टर रेडिओ आणि बंदिस्त मॉल यांनी या बाजाराला साधने व जागा पुरवल्या. १९५९ मध्ये बाजार-संशोधक मार्क अब्राम्स यांच्या अहवालाने ब्रिटनमधील व्यापाऱ्यांचेही लक्ष किशोरवयीन ग्राहकाकडे वेधले. प्रवाह एकाच दिशेने वाहत होता असे मात्र नव्हे. रन-डीएमसी या हिपहॉप चमूने आदिदासचे बूट रस्त्यावरच्या आपल्या पेहरावाचा भाग म्हणून आधी स्वतःहून मिरवले, आणि १९८६ मध्ये हजारो श्रोत्यांनी मैफलीत ते बूट उंचावलेले पाहिल्यानंतर कंपनीने त्यांच्याशी करार केला. मुलांनी घडवायचे आणि बाजाराने ते उचलून पुन्हा मुलांनाच विकायचे, हे चक्र १९९० च्या दशकात इतके वेगवान झाले की, तरुणांमध्ये मिसळून नव्या लकबी टिपणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला.

दुकान हेच जाहिरातीचे माध्यम कसे बनते, हे याच काळात अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या दुकानांच्या अमेरिकी साखळीने दाखवले. मंद उजेड, कानठळ्या बसवणारे संगीत, हवेत फवारलेले सुगंधी द्रव्य आणि 'मॉडेल' म्हणवले जाणारे देखणे विक्रेते यांतून येथे कोणाला जागा आहे, हे न बोलता सांगितले जाई. तिच्या हॉलिस्टर या किशोरांसाठीच्या ब्रँडची दुकाने तर किनाऱ्यावरील घरासारखी सजवलेली असत आणि कपड्यांवर १९२२ हे साल छापलेले असे. वास्तविक हा ब्रँड २००० मध्ये समुद्रकिनारा नसलेल्या ओहायो राज्यात सुरू झाला होता आणि त्याच्या संस्थापकाची कथाही काल्पनिक होती. या दिखाव्याची किंमत माणसांना मोजावी लागली. नोकरीत वंश व लिंग यांवरून भेदभाव केल्याच्या दाव्यांत कंपनीने २००४ मध्ये सुमारे चार कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, तर हिजाबमुळे नोकरी नाकारलेल्या १७ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला.

कायद्याने या वयाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले, हे खेदाने नमूद करावे लागते. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० मध्ये आणलेली बंदी १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींपुरती होती, स्वीडनची दूरचित्रवाणीवरील बंदी १२ वर्षांखालच्या मुलांपुरती होती आणि मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाविषयीचा अमेरिकेचा १९९८ चा कायदाही तेराव्या वर्षीच थांबतो. त्याच वर्षी तंबाखू कंपन्यांशी झालेल्या समझोत्याने तरुणांना लक्ष्य करण्यास मनाई केली, पण ती त्या एका मालापुरती होती. परिणामी समवयस्कांच्या मताला सर्वाधिक वजन देणारे वय सर्वाधिक मोकळे सोडले गेले, आणि समाजमाध्यमे आली तेव्हा गिल्बर्टच्या प्रश्नकर्त्या मुलांची जागा हजारो इन्फ्लुएन्सरनी घेतली. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने २०२४ पासून सर्व अल्पवयीनांना वैयक्तिक माहितीवर बेतलेल्या जाहिराती दाखवण्यास ऑनलाइन मंचांना मनाई केली आहे. मात्र एखाद्या मुलीने आपल्या खरेदीची पिशवी कॅमेऱ्यापुढे उघडून बरोबरीच्या मुलींना दाखवली, तर तो व्हिडिओ या मनाईच्या कक्षेत येत नाही.