टाइमस्टॅम्पच्या रकान्यात टाइम झोन साठत नाही

महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत नव्या मुलांना हमखास सांगतात की पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ हा तारीख-वेळेचा रकाना घेतला की वेळेबरोबर तिचा झोनही साठतो. हे खरं नाही. हा रकाना ८ बाइटचाच असतो, झोन नसलेल्या टाइमस्टॅम्पइतकाच. आलेली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलून ठेवतात आणि झोन तिथेच गळून पडतो. वाचताना दिसतो तो सेशनचा, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीचा, झोन.

खरा धोका मजकुरातून वेळ बनवताना असतो. ‘२०२४-०८-१५ १०:००’ एवढंच आलं, तर पोस्टग्रेस सेशनचा झोन गृहीत धरतं. सेशन यूटीसीवर असेल, तर वाशीत सकाळी दहाला झालेली नोंद भारतीय वेळेत दुपारी साडेतीनची दिसते. एरर येत नाही, म्हणून चूक सापडायला फार उशीर होतो, आणि तोवर अहवाल वरपर्यंत गेलेले असतात.

पुढे भारतीय वेळेसाठी ‘आयएसटी’ जोडूनही भागत नाही. सेशन यूटीसीवर असताना मूळ सेटिंगमध्ये ही अक्षरं इस्रायलची वेळ, म्हणजे +०२:००, मानली जातात! त्यामुळे ‘+०५:३०’ किंवा ‘एशिया/कोलकाता’ असं स्पष्ट लिहा. मूळ झोन नंतर लागणार असेल, तर त्याला वेगळा रकाना द्या.