दाढ काढल्यावर कोणती गोळी?

रविवारी सकाळी नाशिककर मिसळीला नाही म्हणतो तो एकतर पोट बिघडल्यावर, नाहीतर दाढ काढल्यावर. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा ‘दुखायला लागलं की घेऊ’ म्हणून गोळी खिशातच ठेवली होती. भूल उतरली आणि जबड्यात असा ठणका सुरू झाला की गोळी लागू पडेपर्यंतचा वेळ काही केल्या सरेना. भूल पुरती उतरायच्या आधीच पहिली गोळी घ्यायची असते, हे नंतर कळलं.

वेदनाशामकांची तुलना बहुतेक वेळा याच दाढेवर होते. रुग्ण तरुण, धडधाकट. जखम साधारण एकसारखी. मोजमाप असं : औषधच नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत, वेदना निदान निम्म्यावर आलेला एक जादा रुग्ण मिळवायला किती जणांना औषध द्यावं लागतं? आकडा जितका लहान तितकं औषध भारी. लहानमोठ्या शस्त्रक्रियांनंतरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅमला सुमारे ३.६, आयबुप्रोफेन ४०० ला २.५. दोन्ही एकत्र दिली की, दाढेच्याच चाचण्यांत, १.५! आणि अफूच्या घराण्यातलं, नावानंच दरारा वाटणारं कोडीन ६० मिलिग्रॅम? १२.

जोडी जमते, कारण दोघांच्या वाटा वेगळ्या. जखमेत तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं नसांना हळवं करतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ती बनूच देत नाहीत, म्हणून सूजही उतरते. पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. सुजेवर त्याचा फारसा जोर नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक मात्र एकाच वाटेचे. ती दोन्ही घेतली तर आराम फारसा वाढत नाही, त्रास तेवढा वाढतो.

कारण तीच प्रोस्टाग्लँडिनं जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवतात. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं पाहिलेल्यांना डायक्लोफेनॅक ओळखीचं असेल. हे औषध टोचलेल्या गुरांचं मांस खाऊन देशभर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस इतका नाजूक नाही. पण अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण अति झालं की यकृतावर बेततं. धडधाकट प्रौढाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. गफलत होते ती इथे : आपल्याकडच्या कितीतरी ‘सुजेच्या गोळ्यां’त ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं, आणि कणकण वाटली म्हणून घरातली तापाची गोळी, म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉलच, आपण वरून घेतो.