बिबट्याचा ठसा आणि लंडनची सोनारआळी

भारतात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला तो जून २०२१ पासून, तोही आधी २५६ जिल्ह्यांत. या पद्धतीची एक मोठी मुळी मध्ययुगीन लंडनमध्ये आहे. तिथे गिऱ्हाइकाची फसवणूक टाळायची होतीच, पण राजाला खरी काळजी होती ती आपल्या नाण्यांची.

तेव्हाची चांदीची पेनी आणि चांगल्या प्रतीचे चांदीचे भांडे यांचा कस सारखाच, हजारात ९२५ भाग. त्यामुळे नाणी वितळवून पेले घडवता येत आणि अडीअडचणीला पेले मोडून नाणी पाडता येत. सोनाराने चांदीत थोडे जास्त तांबे घातले, तर ते हीण पुढे टांकसाळीपर्यंत पोहोचणार. म्हणून या धंद्यावर दरबाराची नजर असे. ११८० मध्ये दुसऱ्या हेन्रीने परवानगीविना चालणाऱ्या व्यावसायिकांच्या संघांना दंड केला, त्यात सोनारांच्या संघाच्या वाट्याला ४५ मार्क (तेव्हाचे हिशेबाचे चलन) आले. १२३८ मध्ये तिसऱ्या हेन्रीने सोनारांपैकीच सहा जाणते देखरेखीला नेमायला लावले. तपासणारे आणि तपासले जाणारे एकाच पेठेतले, हे तेव्हा कुणाला खटकलेले दिसत नाही. पहिल्या एडवर्डच्या काळात तर ग्रेगरी द रोक्सली हा सोनार लंडनचा महापौरही होता आणि टांकसाळीचा कारभारही पाहत होता.

१३०० च्या कायद्याने चांदीला स्टर्लिंगचा कस, म्हणजे तोच हजारात ९२५ भागांचा, बंधनकारक केला, तर सोन्याला ‘पॅरिसचा कस’, म्हणजे सुमारे १९.२ कॅरेट. सोनारांच्या संघाच्या पंचांनी दुकानोदुकानी जाऊन माल तपासायचा आणि कसाला उतरला तर बिबट्याच्या मुखाचा ठसा मारायचा.

१३२७ ची तिसऱ्या एडवर्डची सनद मात्र वाचण्यासारखी आहे. काही जण आडबोळात दुकान थाटून, चोरीचा आहे का याची चौकशी न करता ऐवज विकत घेतात आणि लगेच वितळवून टाकतात, अशी तक्रार तीत आहे. उपाय असा, की सोनारांनी चीपसाइडच्या हमरस्त्यावरच बसायचे. त्यातून बाजारावर संघाची पकडही बसली, हे उघड आहे. १५०० च्या सुमारास लंडन पाहून गेलेल्या एका व्हेनिसकराने सेंट पॉलकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर सोनारांची ५२ दुकाने असल्याचे लिहून ठेवले आहे.

१३६३ पासून कारागिराची स्वतःची खूणही लागू लागली. १३३९ मध्ये संघाने फॉस्टर लेनमध्ये जागा घेतली होती. १४७८ मध्ये तपासणी तिथल्या हॉलमध्ये आली, पगारी परीक्षक नेमला गेला आणि ‘हॉलमार्क’ हे नाव त्या वास्तूवरून पडले. त्याच वर्षी ठशांमध्ये दरसाल बदलणारे अक्षरही आले. हलका माल पास झाला तर दंड आता खुद्द संघाला बसणार होता, आणि तो माल कोणत्या परीक्षकाच्या कारकिर्दीत पास झाला हे त्या अक्षरावरून कळत असे.