‘सप्टेंबर गर्ल्स’: दुकानापर्यंत न पोहोचलेलं गाणं

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या ‘बिग स्टार’ या बँडचं ‘सप्टेंबर गर्ल्स’ (इंग्रजीत मुद्दाम ‘Girls’ऐवजी ‘Gurls’) १९७४च्या फेब्रुवारीत ‘रेडिओ सिटी’ या त्यांच्या दुसऱ्या अल्बममधून आलं. जेमतेम पावणेतीन मिनिटांचं गाणं. सिंगल म्हणूनही निघालं, पण चाललं नाही. आज पॉवर पॉपच्या, म्हणजे जोरकस गिटारींवरच्या गोड चालीच्या पॉपच्या, शौकिनांना एकच गाणं निवडायला सांगा, बरेच जण याच्यावरच बोट ठेवतील.

गाणं लिहिणारा आणि गाणारा अ‍ॅलेक्स चिल्टन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. वयाच्या सोळाव्या वर्षी ‘बॉक्स टॉप्स’ या बँडसोबत ‘द लेटर’ गाऊन तो १९६७मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आला होता. म्हणजे यश कसं दिसतं हे त्याला ठाऊक होतं. ‘बिग स्टार’ला ते मिळालं नाही, आणि त्यात गाण्याचा दोष फारसा नव्हता.

दोष वितरणाचा. बँड ज्या आर्डेंट स्टुडिओत रेकॉर्ड करायचा, त्याचं स्वतःचं लेबल होतं, पण रेकॉर्ड बाजारात नेण्याचं काम ‘स्टॅक्स’ या कंपनीकडे होतं. स्टॅक्सचा सारा पसारा सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी परंपरेतल्या, संगीताचा. बीटल्सच्या वळणाचं गिटार-पॉप कुठल्या रेडिओ स्टेशनवर, कुठल्या दुकानात न्यायचं, याचा त्यांना सराव नव्हता. १९७२च्या ‘नंबर वन रेकॉर्ड’ या बँडच्या पहिल्या अल्बमचं समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं, पण वाचून दुकानात गेलेल्यांना रेकॉर्ड मिळेना. पुढे स्टॅक्सने वितरण कोलंबिया या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे सोपवलं. तो करार घडवून आणणारे क्लाइव्ह डेव्हिस मे १९७३मध्ये कोलंबियातून बाहेर पडले आणि मागे उरलेल्यांना त्यात रस राहिला नाही. ‘रेडिओ सिटी’ नेमका या कात्रीत सापडला. विक्री सुमारे २० हजार प्रतींवर थांबली, आणि १९७५ संपता संपता स्टॅक्सच दिवाळखोरीत गेली.

खरं तर हा दुसरा अल्बम व्हायचाही नव्हता. पहिला पडल्यावर संस्थापकांपैकी क्रिस बेल निघून गेला, बँड जवळपास मोडला. मे १९७३मध्ये देशभरातले रॉक-लेखक मेम्फिसमध्ये जमवण्यात आले, त्यांच्यासमोर उरलेले तिघं वाजवायला उभे राहिले, आणि एरवी हाताची घडी घालून बसणारे हे लेखक चक्क नाचले. त्या उत्साहावर ‘रेडिओ सिटी’ झाला. गाण्याची पहिली राखण याच मंडळींनी केली, हे विसरता कामा नये.

ध्वनीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण नक्कल करणारे इथेच चुकतात. चिल्टनची गिटार, अँडी हमेलचा बेस, जोडी स्टीफन्सचे ड्रम्स. ध्वनिमुद्रण जॉन फ्राय यांचं. वर जो काचेसारखा किणकिणाट ऐकू येतो तो मॅन्डो-गिटारचा: आखूड मानेचं, सहा जोड्यांत मिळून बारा तारा असलेलं वाद्य, साध्या गिटारपेक्षा एक सप्तक वर लावलेलं. ते नसेल तर बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर वरच्या पडद्यांत वाजवावं आणि कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार आवळणारं उपकरण) लावावा. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणं, मात्र आवरता घ्यावा. जोडीतल्या तारांमधला बारीक फरक त्यात घुसळला जातो आणि किणकिणाटाऐवजी नुसता गोंगाट उरतो. आणखी एक: ड्रम्स किंचित सैल आहेत. क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यांवर, घट्ट बसवले की गाणं निर्जीव होतं.

साठच्या दशकात अशाच किणकिणत्या गिटारींसाठी गाजलेल्या ‘सर्चर्स’नी १९८१च्या सुमारास हे गाणं गायलं. पण पैसा आला तो १९८६मध्ये, ‘बँगल्स’नी ‘डिफरंट लाइट’वर ते घेतलं तेव्हा. गायली बेसवादक मायकल स्टील. माझ्या मते तो अवतार जरा जास्तच इस्त्री केलेला आहे, पण अल्बम अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकी कायद्यानुसार तेव्हा प्रत्येक विकल्या प्रतीमागे एका गाण्याला पाच सेंट मिळत. दहा लाख प्रती म्हणजे ५० हजार डॉलर. त्यातून प्रकाशकाचा वाटा वजा जातो. ही रक्कम गीतकाराकडे जाते, मूळ वादकांना त्यातलं काही मिळत नाही. त्याच दशकाच्या सुरुवातीला चिल्टन न्यू ऑर्लिन्समध्ये भांडी घासत होता, हे लक्षात घेतलं म्हणजे या पाच सेंटांचं वजन कळतं.

१९८७मध्ये ‘रिप्लेसमेंट्स’नी चिल्टनच्या नावाचंच गाणं केलं, तेही आर्डेंटमध्येच. १९९१च्या ‘बँडवॅगनेस्क’मध्ये स्कॉटलंडच्या ‘टीनएज फॅनक्लब’ने हा ध्वनी उघडपणे उचलला. १९९३मध्ये मिसुरी विद्यापीठात चिल्टन आणि स्टीफन्स ‘पोझीज’ या बँडमधल्या दोघांना घेऊन ‘बिग स्टार’ म्हणून पुन्हा उभे राहिले. बेल तोवर नव्हता. १९७८मध्ये मोटार अपघातात, सत्ताविसाव्या वर्षी तो गेला होता.

चिल्टन १७ मार्च २०१० रोजी वारला. दोनच महिन्यांनी केटी पेरीचं ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’ आलं आणि सहा आठवडे अमेरिकेत अव्वल राहिलं. त्यातल्या ‘गर्ल्स’मध्ये ‘आय’च्या जागी ‘यू’ आहे, तो ‘बिग स्टार’ला केलेला सलाम. स्पेलिंगवर रॉयल्टी मात्र मिळत नाही.