मेनू नेमका कुणाचा?

काळा पडदा, त्यावर ‘नो सच पार्टिशन’ अशी एक ओळ आणि खाली लुकलुकणारं ‘ग्रब रेस्क्यू’. एकाच संगणकावर दोन-तीन लिनक्स नांदवणाऱ्याला हे दर्शन कधी ना कधी घडतंच. ‘गेलं सगळं!’ असं वाटतं आणि हात नव्याने इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हकडे जातो. थोडं थांबावं. फायली जागच्या जागी असतात, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभाही असतो. त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या ग्रबला, म्हणजे संगणक सुरू होताच मेनू दाखवून निवडलेलं लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रामला, फक्त वाट सापडत नसते.

ही वाट हरवते कशी? संगणक सुरू होताच आधी चालतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर; जुन्या संगणकांत ते बायोस असायचं. अशा संगणकात डिस्कचा पहिला सेक्टर 512 बाइटचा. त्यातले 64 बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांच्या, तक्त्याला, 2 बाइट शेवटच्या खुणेला. उरले फार तर 446, आणि एवढ्याशा जागेत फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींची डिस्कवरची मांडणी, वाचण्याची अक्कल मावत नाही. म्हणून ग्रब स्वतःचे तुकडे करतो. पहिल्या तुकड्याला फक्त दुसऱ्याचा सेक्टर क्रमांक ठाऊक असतो. दुसरा एरवी पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत दडलेला असतो. तिसरा भाग, म्हणजे मॉड्यूल (ग्रबचे जोडभाग) आणि मेनूची फाइल, कुठल्या तरी एका लिनक्सच्या बूट फोल्डरात. सगळी गोम या ‘कुठल्या तरी एका’मध्ये आहे. नेमकं तेच लिनक्स नकोसं झालं म्हणून उडवलं, की पहिले दोन तुकडे नेहमीसारखे चालतात आणि तिसऱ्याच्या जागी काहीच सापडत नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ ही त्या दुसऱ्या तुकड्याची हाक असते.

ग्रबच्या आधीचा लिलो याहून आंधळा होता. कर्नल डिस्कवर कुठे कुठे पडलाय, त्या जागांची यादीच तो लिहून ठेवायचा. कर्नल बदलून लिलो पुन्हा चालवायला विसरलात, तर पुढचं बूट देवाच्या भरवशावर. 2015च्या अखेरीस त्याचा विकास थांबला.

बायोसच्या जागी यूईएफआय हे नवं फर्मवेअर आल्यावर हे भांडण मिटायला हवं होतं. फर्मवेअरलाच फॅट फाइल सिस्टिम वाचता येते. त्यामुळे ईएसपी नावाच्या छोट्या पार्टिशनवर प्रत्येक लिनक्सने आपला फोल्डर करायचा, आणि मदरबोर्डच्या स्मृतीत नावांची यादी व तिचा क्रम राहणार. डेबियन आणि फेडोरा असे खरोखरच शेजारी राहतात. पण एकाच डिस्कवर दोन उबुंटू टाकून बघा! दोन्हींच्या फोल्डरचं नाव ‘उबुंटू’च, त्यामुळे नंतर आलेलं पहिल्याच्या जागेवर बसतं. त्या फोल्डरात तीनेक ओळींची एक चिमुकली फाइल असते: अमुक यूयूआयडीचं (म्हणजे ओळख-क्रमांकाचं) पार्टिशन शोध, तिथला ग्रबचा फोल्डर धर, तिथला मेनू वाच. ती फाइल शेवटी ज्याने लिहिली, त्याचा मेनू दिसतो.

यातूनच तो वैताग येतो, ज्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. मेनूत बदल करायचा, मेनू नव्याने लिहिणारी अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवायची, रीबूट करायचं; मेनू जैसे थे. बदल एका लिनक्समध्ये चाललेले आणि पडद्यावर मेनू दुसऱ्याचा. तेव्हापासून दुरुस्तीला हात घालण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, मेनू कुणाचा? efibootmgr ही आज्ञा फर्मवेअरची यादी आणि तिचा क्रम दाखवते. पुष्कळदा फक्त क्रम बदलला की काम होतं, काहीच दुरुस्त करावं लागत नाही.

मालक कळला तरी शेजाऱ्यांची माहिती शिळी होतेच. ओएस-प्रोबर ही स्क्रिप्ट इतर पार्टिशनं धुंडाळते, तिथल्या कर्नलांच्या ओळी उतरवून घेते. उतरवून, हे महत्त्वाचं. शेजारच्या लिनक्समध्ये उद्या नवा कर्नल आला तरी मालकाच्या मेनूत जुनाच राहतो, आणि जुना काढून टाकलेला असेल तर ती ओळ कुठेच नेत नाही. शिवाय 2021च्या ग्रब 2.06पासून ही स्क्रिप्ट मुळात बंदच ठेवलेली असते. ‘दुसरं लिनक्स मेनूत दिसेना’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं. ती चालू करता येते, पण मला दुसरी पद्धत पटते. मालक एकच नेमावा आणि त्याच्या मेनूत हाताने एक नोंद घालावी, जी शेजाऱ्याचा स्वतःचा मेनूच उघडते. ग्रबमध्ये त्यासाठी ‘कॉन्फिगफाइल’ ही आज्ञा आहे. मग शेजाऱ्याने कितीही कर्नल बदलावेत, मालकाला ते कळायची गरज उरत नाही.

आता त्या काळ्या पडद्याकडे वळू. तिथे ‘एलएस’ टाइप केलं की डिस्क आणि पार्टिशनं कंसात दिसतात. मोजणी चमत्कारिक आहे, डिस्क शून्यापासून आणि पार्टिशन एकपासून. एकेक पार्टिशन उघडत ग्रबचा फोल्डर शोधायचा, ‘प्रीफिक्स’ या ग्रबच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता भरायचा, ‘नॉर्मल’ हे मॉड्यूल चढवायचं आणि ‘नॉर्मल’ म्हणायचं. बहुतेकदा मेनू परत येतो. ‘सिंबल नॉट फाउंड’ आलं, तर सापडलेला फोल्डर वेगळ्या आवृत्तीच्या ग्रबचा आहे. अशा वेळी लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं) लावा, मालकाचं रूट, म्हणजे मुख्य, पार्टिशन माउंट करा (जोडून घ्या), यूईएफआय असेल तर ईएसपीही. मग डेव्ह, प्रॉक आणि सिस हे सिस्टिमचे फोल्डर आत जोडून घ्या, सीएचरूट करा म्हणजे त्या लिनक्सच्या आत शिरा, ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवा. घात होतो तो सहसा एकाच ठिकाणी. मूळ लिनक्स यूईएफआयचं असताना पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने बूट झालेला असतो. मग फर्मवेअरच्या यादीला हातच लावता येत नाही.

मेनू आला, लिनक्स निवडलं, आणि आता ते दीड मिनिट नुसतं ताटकळतंय? याचं कारण बहुधा स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. नव्या लिनक्सच्या इन्स्टॉलरने सामाईक स्वॅप पार्टिशन फॉरमॅट केलं की त्याचा यूयूआयडी बदलतो. जुन्याच्या एफएसटॅब फाइलमध्ये (जोडायच्या पार्टिशनांच्या यादीत) आधीचाच असतो, आणि लिनक्स सुरू करून देणारा सिस्टिमडी त्याची 90 सेकंद वाट पाहतो. त्या फाइलमध्ये नवा यूयूआयडी लिहिला की झालं. ग्रबचा यात काडीचाही दोष नसतो.